आधी टेकडीला बोलू दे

माझ्या धाकट्याच्या तोंडावर शिंगं मी बसवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

तो औरंगाबादला पॉलिटेक्निकला होता. तेव्हा त्या शहराचं नाव तेच होतं. एका दिवाळीला घरी आला तो खांद्यापर्यंत केस घेऊन. सासरा ओट्यावर बसला होता. त्याला कमी दिसायचं. म्हणाला, "कोणाची लेक आली रे ही?" पोरगं पाया पडलं तेव्हा म्हाताऱ्याने केस मुठीत धरून ओढून पाहिले, खरे आहेत का म्हणून.

जेवताना धाकट्याने मला सांगितलं की कॉलेजच्या चौघांनी मिळून गाण्याची पार्टी काढली आहे आणि त्यासाठी एक राक्षसाचं तोंड पाहिजे. मोठं. शिंगांचं.

"काहून? सोंगी भजनात जाऊन राहिलास का?"

"तसंच समज माय. फक्त भजन न्हाई."

"मग काय हाय?"

"आरडाओरडा."

"त्याला शहरात कशाला जायचं? तो तर इथं फुकट होतो," सासरा म्हणाला.

मला कागदाच्या लगद्याचं काम येतं. आधी आमच्याकडे पीठ, डाळ ठेवायला बाया घरीच तशा टोपल्या करायच्या. रद्दी भिजवायची, उखळात कुटायची, मेथ्या वाटून त्यात मिसळायच्या म्हणजे कीड लागत नाही, आणि पालथ्या घागरीवर थापायचं. वाळलं की घागर खालून काढून घ्यायची. ते तोंड मी तसंच केलं, घागरीच्या एका अंगावर. शिंगांसाठी कुंपणाच्या वेलावरचे दोन वाकडे दुधी घेतले. त्यांच्यावर लगदा थापला, वाळल्यावर आतला दुधी कोरून काढला. दातांसाठी कवड्या. शेजारच्या तांड्यावरची एक बाई माझी मैत्रीण होती, तिने आपल्या जुन्या ओढणीच्या काढून दिल्या. देताना म्हणाली, "राक्षसाला माझ्या ओढणीचे दात. बरं दिसतं का गं हे?" शिंगांना पोळ्याचा उरलेला लाल रंग लावला, जो बैलांच्या शिंगांना लावतात तो.

श्वासाला आणि आवाजाला फट ठेवली होती, पण कवड्यांच्या मागे. बाहेरून आतले ओठ दिसत नव्हते. तेव्हा मला ते कौशल्य वाटलं.

पुढच्या सुट्टीत तो एक कॅसेट घेऊन आला. त्यांनीच गायलेली, त्यांनीच भरलेली. घरच्या टेपवर लावली. माझा नवरा थोडा वेळ ऐकत बसला, मग उठला, टेप बंद केला, मागचं झाकण उघडलं आणि फडक्याने आतून पुसायला लागला. त्याला वाटलं, टेपने कॅसेट खाल्ली. पुन्हा लावली. पुन्हा तसंच. तो म्हणाला, "न्हाई, हे मोटरचं काम हाय. हिंगोलीला न्यावा लागंल." धाकटा हसून हसून खाली लोळला. मी तेव्हा हरभरा निवडत होते. मला कॅसेटमधलं एवढंच आठवतं की ती आमच्या टेपपेक्षा मोठी वाटली. म्हणजे त्या लहान डब्यात मावणारी गोष्ट नव्हती ती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सेनगावहून येताना जीप उलटली, त्यात तो गेला. तेवीस वर्षांचा होता. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. कॅसेट त्याच्या एका मित्राने आधीच नेली होती. राक्षसाचं तोंडही त्यांच्याकडेच राहिलं. ती पोरं दहाव्याला आली, रडली, आणि परत कधी दिसली नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. कुणाच्या घरी जाऊन काय बोलायचं असतं?

त्याचे फोटो आहेत घरात. एक शाळेतला, एक थोरल्याच्या लग्नातला. पण आवाज राहिला नाही. माणसाचा आवाज विसरतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चेहरा डोळ्यापुढे येतो, चालणं येतं, भाकर मोडायची पद्धत येते. "माय" म्हणताना तोंड कसं व्हायचं तेही दिसतं. पण त्या तोंडातून काही निघत नाही. मी कधी कुणाला हे बोलले नाही, कारण बोलून काय होणार होतं.

एक गोष्ट मात्र आठवत होती, ती त्याची राखण. आमचं ओढ्याकाठचं रान टेकडीच्या समोर आहे. ज्वारी उभी असली की रानडुकरं ओढ्यातून वर यायची. दोन्ही पोरं लहान असताना सासऱ्यासोबत चार लाकडांवर बांधलेल्या माळ्यावर बसायची आणि हाकारे द्यायची. थोरला नुसता ओरडायचा, घसा बसेपर्यंत. म्हाताऱ्याला ते पटायचं नाही. त्याची रीत वेगळी होती. आवाज पोटातून काढायचा, खालून, आणि शेवटी झटका देऊन तोडायचा. मग गप बसायचं. समोरच्या टेकडीवरून तोच आवाज परत येतो. तो आला की मग पुढचा हाकारा. घाई केली की दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून नुसता गोंधळ होतो. पण थांबलं तर डुकराला वाटतं इकडे एक माणूस आहे आणि तिकडे एक, आणि ते मधल्या ओढ्याने निघून जातं. थोरला घाई करायचा तेव्हा म्हातारा काठीने माळ्याचं लाकूड ठोकायचा.

"अरे, आधी टेकडीला बोलू दे!"

धाकट्याला ते बरोबर जमलं. तो एवढासा होता तरी त्याचा हाकारा गावात ऐकू यायचा. मला हे सगळं आठवत होतं. पण आवाज कसा होता, ते नाही.

आता गेल्या हिवाळ्याचं सांगते. हरभऱ्याला घाटे भरत होते. मी भाकरी टाकत होते आणि थोरल्याची बायको, माझी सून, दारात फोन घेऊन बसली होती. ती या घरात आली तेव्हा धाकटा सहावी-सातवीत असेल. तिनेच त्याला इंग्रजी वाचायला लावलं होतं, ती बारावी झालेली आहे.

"आत्या, हात धुवा अन् इकडं या."

"मग भाकर कोण टाकील? तुझा फोन?"

"या तर खरं."

मी गेले. फोनवर अंधार होता आणि अंधारात धूर. मग धुरातून शिंगं वर आली.

मी माझं काम ओळखते. उजवं शिंग डाव्यापेक्षा जास्त वाकलेलं होतं, कारण तो दुधी तसा होता. कवड्या वरच्या ओळीत जवळजवळ, खालच्या ओळीत विरळ, कारण कमी पडल्या होत्या. ते तोंड एका अंगावर बसलं होतं आणि त्या अंगावर काळं घोंगडं होतं. ते घोंगडंही आमचंच.

सुनेने सांगितलं, परदेशातल्या कुणीतरी हे टाकलं आहे. त्याला ती कॅसेट आणि हा कॉलेजच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ जुन्या बाजारात मिळाला. तो असलीच गाणी शोधत फिरतो. या गाण्यांना हेवी मेटल म्हणतात. थोरला तेवढ्यात रानातून आला होता, म्हणाला, "म्हंजी जड लोखंड? भंगारवाल्याचं गाणं हाय का?" आणि मग त्याने पडद्याकडे पाहिलं आणि चूळ भरायला घेतलेला तांब्या तसाच खाली ठेवला.

आम्ही तिघं दारात बसून पाहू लागलो. तवा तापत राहिला.

मला गाण्यातलं काही कळत नाही. मला ओव्या येतात, आरत्या येतात, लग्नातली गाणी येतात. पण हे मी सांगू शकते की असं मोठं काही मी आजपर्यंत ऐकलं नव्हतं. आधी ढोल सुरू झाला. लग्नातला ढोल नाचायला बोलावतो. हा ढोल जागेवरून उठवत होता. मग त्या विजेच्या गिटारी. आखाडा बाळापूरच्या बाजारात दोन ट्रक समोरासमोर आले की जसा सगळ्यांचा जीव थांबतो, तसं. आणि त्या सगळ्याच्या वर एक बारीक, उंच आवाज, बाईसारखा. आणि सगळ्याच्या खाली दुसरा एक आवाज. तो आवाज माणसाचा वाटत नव्हता. जमिनीत विहीर खणताना खालचा खडक फुटतो तेव्हा वर उभ्या माणसाच्या पायाला कळतं, तसा तो होता. कानाला नंतर कळत होता.

समोरची पोरं आधी हसत होती, ते व्हिडिओत ऐकू येतं. मग हसणं बंद झालं.

स्टेजवर पुठ्ठ्याचा एक दरवाजा होता, रंगवलेला. शिंगवाला त्या दरवाजापुढे उभा राहून कुणालातरी अडवत होता. एकाने तलवार आणली, तोही मुखवटा घालून. सगळं खोटं होतं, पुठ्ठा दिसत होता, तलवारीचा चमचमता कागद सुटला होता. तरी मला वाटलं, हा दरवाजा उघडला तर वाईट होईल. सोंगी भजनात माझं असं कधी झालं नाही. तिथे राक्षस आमच्या गल्लीतला कोण आहे ते आधीच माहीत असतं.

गाण्याचे शब्द खाली इंग्रजीत लिहिलेले होते, ते सुनेने फोनवरच मराठी करून घेतले. टेकडीच्या पोटात एक राज्य आहे. मेलेल्या लोकांचं धान्य तिथे कणगीत भरलेलं आहे. शिंगवाला त्याचा राखणदार. त्याला झोपायची परवानगी नाही. तो झोपला तर खालून काळा कळप येईल आणि सगळं खाऊन जाईल, आणि मेलेले उपाशी राहतील.

"कळप म्हणजे?" मी विचारलं.

"इथं कळपच लिहिलंय आत्या. खाली लोक म्हणतात, ड्रॅगनचा असंल."

थोरला म्हणाला, "कशाचा ड्रॅगन! डुकरं हायेत ती."

त्या पोराने आमचं ओढ्याकाठचं रान उचलून पाताळात नेऊन ठेवलं होतं, आणि परदेशातले लोक ते खरं मानून वाचत होते.

पण खाली लोकांचं भांडण लागलं होतं. सुनेने वाचून दाखवलं. तो खालचा आवाज कुणाचा, यावर. एक म्हणे, शिंगवाल्याचा. दुसरा म्हणे, शिंगवाला फक्त नाचतो, त्याचे ओठ दिसतात का? आवाज मागच्या गिटारवाल्याचा आहे. तिसरा म्हणे, हा माणसाचा आवाजच नाही, मशीनने केलेला आहे. कॅसेटवर नावं नव्हती. सुनेने खाली लिहिलं, हा आमचा दीर आहे, कुणाला माहीत असेल तर सांगा. हात जोडल्याची, फुलांची चित्रं आली. उत्तर आलं नाही.

मी थोरल्याला विचारलं, "तुला काय वाटतं? त्याचाच हाय ना?"

त्याने फोन कानाशी धरला. "न्हाई सांगता येत माय. गाणं त्याचंच हाय, त्यानंच लिवलं. पण आवाज... त्याचा आवाज बारीक होता की नव्हता?"

त्यालाही आठवत नव्हतं.

मग मी चिडले. इतकी वर्षं नव्हतं ते नव्हतं, त्याची तकलीफ नव्हती. आता समोर आहे आणि माझं आहे की नाही ते कळत नाही. लेकरू फोनमध्ये उभं आहे, ओरडत आहे, आणि त्याचं तोंड मीच झाकून ठेवलेलं. दोन बोटं मोठी फट ठेवली असती तर ओठ दिसले असते. कवड्या दोन कमी लावल्या असत्या तर दिसले असते.

रोज दुपारी मी सुनेला ते लावायला सांगायची. जवळ धरून पाहायची, त्या फटीत. काही दिसायचं नाही. धूर आणि कवड्या.

"आत्या, डाटा संपून राहिला."

"संपू दे. तुझ्या त्या रांगोळ्या बघताना न्हाई संपत?"

"डोळे जातील तुमचे."

"डोळ्यांचं काय करायचं आता मला."

हे मात्र ती बरोबर बोलली होती, डोळ्यांचं. कारण कळलं ते डोळ्यांमुळे नाहीच. एके दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. फोन बाहेर चार्जिंगला होता, आणि सुनेने झाडताना तेच लावून ठेवलं होतं. आता तिलाही त्याची सवय लागली होती, ती त्या ढोलावर झाडायची. मला पडदा दिसत नव्हता. शेवटचं गाणं चालू होतं. शेवटी सगळं वाजायचं थांबतं आणि तो खालचा आवाज एकटा येतो. पोटातून, खालून. वाढत जातो आणि झटक्याने तुटतो. त्यानंतर काहीच नसतं. गिटार नाही, ढोल नाही, नुसती टेपची खरखर. मग तोच आवाज पुन्हा.

त्या मधल्या जागेत माझा हात तव्यावर थांबला होता.

मी थांबवला नव्हता. भाकर उलटायची होती, ती करपायला लागली होती, आणि हात थांबलेला. मी वाट पाहत होते. कशाची, ते मला आधी कळलं नाही. पुन्हा आवाज आला तेव्हा हात आपोआप खाली गेला.

मी हात न धुता बाहेर गेले. "पुन्हा लाव. शेवटचं."

सुनेने लावलं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. आवाज आला, तुटला. आणि ती जागा. बरोबर तेवढीच, जेवढी ओढ्याकाठच्या माळ्यावरून टेकडीपर्यंत जायला आणि परत यायला लागते. स्टेजवर टेकडी नव्हती. कॅसेट भरली त्या खोलीत नव्हती. ढोलवाला थांबायचा, गिटारवाले थांबायचे, त्यांना वाटत असेल गाणंच असं आहे. पण तो टेकडीसाठी थांबत होता. मशीन असं थांबत नाही. मागचा गिटारवाला शहरातला पोरगा, तो कशाला थांबेल?

थोरला बैलांना पाणी दाखवून आला. मी त्याला काही सांगितलं नाही. म्हटलं, "इथं बस, तोंड फिरव, अन् ऐक."

"माय, मला हिंगोलीला जायचंय..."

"बस म्हणते ना."

तो बसला. आवाज आला, तुटला. जागा आली. आणि माझा थोरला, जो आता स्वतः सासरा झाला आहे, त्याने उजवा हात उचलून काठी ठोकल्यासारखा मांडीवर आपटला.

मग तो उठला आणि गोठ्यात गेला. बैलांना पाणी आत्ताच दाखवलं होतं, तरी गेला.

तर तो आवाज असा होता. मी आता रोज ऐकते. "माय" म्हणताना कसा होता ते मला अजून आठवलेलं नाही, आणि आठवेल असं वाटत नाही. पण हा आहे. आणि हा लहान नाही.

पुढची गोष्ट हरभऱ्याची. आता माळ्यावर कुणी बसत नाही. हिंगोलीहून बॅटरीवरचा भोंगा आणतात, त्यात कुत्री भुंकतात आणि एक माणूस हिंदीत "भागो, भागो" म्हणतो. पहिल्या आठवड्यात डुकरं पळाली. नंतर त्यांना कळलं की हा माणूस येत नाही, नुसता बोलतो. थोरल्याने स्वतः पाहिलं, एक डुक्कर भोंग्याच्या खांबाला पाठ घासून गेलं.

मी म्हटलं, "त्याच्यात धाकट्याला घाल."

थोरल्याचा घास हातात राहिला. "काय बोलून राहिलीस तू? मेलेल्या माणसाचा आवाज डुकरांसाठी लावायचा? गाव काय म्हणंल?"

"गाव माझा हरभरा राखायला येतं का?"

"तसं न्हाई माय. लोक फोटोला हार घालतात, आन आपण..."

"फोटोला घाल की हार. कोण नको म्हणतंय? आवाज कशासाठी शिकला होता तो? गाणं नंतर झालं. आधी डुकरंच होती."

सून मध्ये म्हणाली, "भावजींना आवडलं असतं." तिने एवढंच म्हटलं आणि तो पुन्हा जेवायला लागला. घरात तिचं तो ऐकतो, माझं नाही.

सुनेने फोनवर तेवढाच तुकडा कापला, ढोल आणि गिटारीचा आधीचा भाग काढून, नुसता हाकारा आणि मधली जागा. ती जागा कमी करू नको, असं मी तिला दोनदा बजावलं. "कळतं मला आत्या," ती म्हणाली. थोरल्याने तो तुकडा भोंग्याच्या कार्डात भरला.

दिवस मावळायच्या आत आम्ही रानात गेलो. मला चालायला वेळ लागतो, म्हणून लवकर निघालो. माळा होता तिथे आता विजेचा खांब आहे, त्यालाच त्याने भोंगा बांधला, तोंड टेकडीकडे करून. मी बांधावर बसले. ऊन टेकडीच्या माथ्यावर होतं, खाली ओढ्यात अंधार झाला होता. थोरल्याने बटण दाबलं.

फोनमध्ये तो आवाज फोनएवढा होता. इथे तो सुटला. हरभऱ्यावरून गेला, ओढ्यावरून गेला. पलीकडच्या रानातल्या बाया कापूस वेचताना उभ्या राहिल्या. बोरीवरची पाखरं एकदम उठली. आणि झटक्याने तुटला.

मग ती जागा आली. घरी मी ती इतक्यांदा ऐकली होती, नुसत्या खरखरीची. इतकी वर्षं ती कॅसेटमध्ये तशीच मोकळी पडलेली होती. स्टेजवर मोकळी, त्या परदेशी माणसाच्या घरी मोकळी.

टेकडी बोलली.

तोच आवाज, थोडा जाड झालेला, तिकडून आला. बरोबर तिथेच, जिथे त्याने जागा ठेवली होती. तो संपला आणि भोंग्यातून पुढचा हाकारा निघाला. एकमेकांत मिसळला नाही.

मी बांधावरून उठले नाही. थोरल्याने काही वेळाने विचारलं, "माय, जायचं का?" मी हात वर केला, थांब म्हणून. तेव्हा टेकडीचं बोलणं चालू होतं.